फेअरवेलचा नाच आणि आमची मंडळी

ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या दोन्ही अंगांना गेल्या दोन-अडीच दशकांत ज्या शाळा उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याच शाळांत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ आता शाळेच्या सभागृहात होत नाही. तो एखाद्या बँक्वेट हॉलमध्ये होतो, त्याला फेअरवेल म्हणतात, आणि अलीकडे काही ठिकाणी सरळ प्रॉम नाइटही म्हणू लागले आहेत. पूर्वी मुख्याध्यापकांचे भाषण, वर्गशिक्षिकेचे भरून आलेले डोळे, बटाटावडा आणि पेढा यांवर भागत असे. आता मुलींना साडी किंवा गाऊन, मुलांना ब्लेझर, दारात फोटोसाठी फुलांची कमान, आत डीजे आणि जेवणाआधी दीड-दोन तास नाच, असा क्रम असतो. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परिपत्रक येते, त्यासोबत पालकांच्या संमतीचा फॉर्म असतो, आणि त्यावर सही करताना बहुतेक घरांत फार तर वर्गणीच्या आकड्यावरून कुरकुर होते. आमच्यासारख्या मराठी ख्रिस्ती घरांत मात्र ती सही आजी, आत्या, पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) आणि बायबलातला प्रेषित पौल अशा सगळ्यांना विचारून करावी लागते.

शेजाऱ्यांना हे सांगितले तर खरे वाटत नाही. “तुमच्यात तर चालतं ना हे सगळं?” असे आमच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी अगदी निर्मळ मनाने विचारले होते. त्यांना दोष देता येत नाही. हिंदी चित्रपटांनी कित्येक वर्षे जो ख्रिस्ती माणूस दाखवला, तो गिटार वाजवतो, बाटली उघडतो आणि पार्टीत सगळ्यांच्या आधी नाचायला उतरतो. त्या माणसाला नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात रविवारच्या उपासनेला नेऊन बसवले, तर पेटी-तबल्यावरची भजने, डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका आणि सतरंजीवर एकीकडे पुरुष व एकीकडे स्त्रिया अशी बैठक पाहून तो चुकून दुसरीकडेच आलो की काय म्हणून उठून जाईल. माझे माहेर आणि सासर दोन्ही त्या मुलखातले. माझ्या लग्नात बँड होता, तो वरात चर्चच्या दारापर्यंत आणण्यापुरता. आणि त्याच्यापुढे माझे दोन चुलतभाऊ हात वर करून नाचू लागताच माझ्या वडिलांनी बँडवाल्याला वाजवणे थांबवायला लावले होते.

ठाण्यात राहायला आल्यावर कळले की ख्रिस्ती म्हणजे आम्हीच एकटे नव्हे. मासुंदा तलावाच्या काठावरचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट हे कॅथलिकांचे चर्च पोर्तुगीज काळापासूनचे, तर सेंट जेम्स हे इंग्रजी अमदानीतले, १८२५ साली बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पण झालेले. पहिल्या चर्चशी नाते सांगणारी इथली ईस्ट इंडियन, म्हणजे मूळच्या स्थानिक कॅथलिकांची, घराणी तर या भूमीत आमच्या कितीतरी आधीची. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, पण त्यांची मराठी बोली आणि रीतिरिवाज त्याहून फार जुने आहेत. त्यांच्यात लग्नाआधी उंबराचे पाणी आणायला विहिरीवर जातात तेव्हा पुढे बँड असतो आणि लुगडे नेसलेल्या आज्यांपासून शाळकरी नातवंडांपर्यंत सगळे रस्त्याने नाचत जातात. दुसऱ्या दिवशी तीच माणसे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, वेळेवर हजर असतात. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मैत्रीण अशाच घरातली आहे. फेअरवेलचा फॉर्म तिच्या आईने स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवून, वर कुकरची शिट्टी होत असताना, सही करून दिला. ख्रिस्ती मुलांनी नाचू नये हा नियम जर ख्रिस्ताचा असता, तर तो एका चर्चला लागू आणि दुसऱ्या चर्चला माफ असा झाला नसता, हे मला त्या कुकरच्या शिट्टीने बरेचसे पटवून दिले.

मग आमच्याकडे तो आला कुठून? सोपे उत्तर असे की मिशनऱ्यांनी आणला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला त्यांचे काम सुरू झाले. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधल्या ज्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या समुदायांनी, त्यांना पाठवले, त्यांच्यात जुनी प्युरिटन (कडक धर्माचरणाची) शिस्त मुरलेली होती. सतराव्या शतकात बॉस्टनच्या पाळकांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र नाचाविरुद्ध छापील पत्रके काढली होती. पत्ते, नाटक, दारू आणि नाच यांची त्यांनी एक मोळी बांधली, आणि ती मोळी जशीच्या तशी आमच्या पूर्वजांच्या डोक्यावर आली. हे उत्तर चूक नाही, पण ते अर्धेच आहे, आणि उरलेला अर्धा भाग सांगितल्याशिवाय आमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांवर अन्याय होतो.

माझे पणजोबा मातंग समाजातून ख्रिस्ती झाले. हलगी वाजवणे हे गावकीतले त्या घराचे काम होते. पाटलाच्या घरचे लग्न असो, पोळा असो की जत्रा, सांगावा आला की उठून जायचे, पाचटाचा जाळ करून त्यावर हलगीचे कातडे शेकून ताणून घ्यायचे, आणि पुरे म्हणेपर्यंत वाजवत राहायचे. नाचणारे नाचत, बघणारे बघत, आणि वाजवणाऱ्याने मांडवाच्या बाहेर उभे राहायचे. मोबदला म्हणून भाकरी-कोरड्यास मिळे, कधी धान्य मिळे, कधी नुसते “उद्या ये” असे मिळे. तमाशाच्या फडांत ज्या स्त्रिया नाचत, त्याही अशाच समाजांतल्या, आणि समोर बसून दौलतजादा करणारे वेगळ्या घरांतले. बाप्तिस्मा झाल्यावर पणजोबांनी हलगी खुंटीला टांगली ती पुन्हा काढली नाही. त्याबद्दल गावाने त्यांचे पाणी तोडले का, असे मी लहानपणी आजोबांना विचारले होते, तर ते म्हणाले होते, “तोडायला आधी जोडलेलं असावं लागतं.”

मिशनऱ्यांच्या वहीत त्या प्रसंगाची नोंद बहुधा मूर्तिपूजेपासून दूर झालेले एक कुटुंब अशी झाली असेल. पणजोबांच्या लेखी तो, मला वाटते, दुसऱ्याच्या हुकमावर ताल न धरण्याचा पहिला दिवस होता. माझी आजी “आपल्यातल्या मुली नाचत नाहीत” असे म्हणे तेव्हा तिची मान ताठ असे, आणि त्या वाक्यात पापाच्या भीतीपेक्षा मोठा भाग त्या ताठ मानेचा होता. ते वाक्य ऐकून ज्यांना केवळ सोवळेपणा दिसतो, त्यांनी ते बोलणारी बाई कोण आहे हे पाहिलेले नसते. नाचायला ज्यांना कोणी कधी भाग पाडले नाही, त्यांना न नाचण्यात काय मिळवले जाते हे कळणे कठीण आहे.

हे सगळे मान्य करूनही मी असे म्हणते की माझ्या मुलीने फेअरवेलला जावे. पणजोबांचा नकार आणि तिचा होकार यांत मला विरोध दिसत नाही, कारण दोन्ही ठिकाणी हक्क एकच आहे: आपले पाय कधी हलवायचे हे आपण ठरवायचे. ती मांडवाच्या बाहेर उभी राहायला चाललेली नाही. तिला नावाने बोलावणे आहे, तिची खुर्ची आहे, तिच्या ताटात तेच जेवण आहे. मात्र याच कसोटीची दुसरी बाजू अशी की, तिथे गेल्यावर ती खरोखर मोकळी असेल का, म्हणजे नको वाटल्यावर तिला थांबता येईल का, हे पाहणे आम्हा पालकांवर येते, आणि मंडळीतल्या चर्चेत नेमका हाच प्रश्न कधी निघत नाही.

मंडळीतली चर्चा शास्त्रवचनांवर, म्हणजे बायबलातल्या वचनांवर, चालते, आणि शास्त्रात ज्याला जे हवे ते सापडते. इस्राएल लोकांनी तांबडा समुद्र ओलांडल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन निघाली आणि सगळ्या बायका नाचत तिच्यामागे गेल्या. दावीद राजा कराराच्या कोशापुढे, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पवित्र पेटीपुढे, सगळे बळ लावून नाचला, आणि खिडकीतून ते पाहणाऱ्या त्याच्या बायकोला, मीखलला, त्याची किळस आली. शास्त्रलेखकाची सहानुभूती खिडकीकडे नाही. शेवटची स्तोत्रे डफ आणि नृत्य यांनी देवाचे स्तवन करायला सांगतात, उपदेशकाच्या पुस्तकात रडण्याप्रमाणे नाचण्याचाही समय नेमलेला आहे. उलट बाजूला सोन्याच्या वासराच्या मूर्तीभोवतीचा नाच आहे, जो पाहून मोशेने हातातल्या देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी फोडल्या. आणि हेरोद राजाच्या वाढदिवसाचा तो नाच तर आहेच, ज्याची किंमत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिराने चुकती झाली.

या शेवटच्या प्रसंगावर मी मुलींना उद्देशून केलेली इतकी प्रवचने ऐकली आहेत की, तो मुलींच्या नाचाविषयीच आहे अशी माझी पक्की समजूत होती. पुढे संडे स्कूलमध्ये शिकवण्यासाठी मार्काच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) सहावा अध्याय सावकाश वाचावा लागला, तेव्हा वेगळेच काही दिसले. तिथे हेरोदाची बायको हेरोदिया हिची मुलगी नाचते ती सरदार आणि अंमलदारांच्या मेजवानीत, मोठ्या माणसांसमोर. राजा खूश होऊन अर्ध्या राज्यापर्यंत काहीही माग म्हणतो, आणि ती पोर काय मागावे हे न सुचल्याने बाहेर जाऊन आईला विचारते. शीर मागायचे ते आई सांगते. शब्द मागे घ्यायला राजाला पाहुण्यांची लाज वाटते. त्या सगळ्या दिवाणखान्यात स्वतःच्या मनाने काही न करणारी एकच व्यक्ती आहे, आणि आम्ही वर्षानुवर्षे बोट तिच्याकडेच दाखवत आलो. एका मुलीला मोठ्यांनी आपल्या करमणुकीसाठी आणि वैरासाठी वापरले, अशी ही गोष्ट आहे; तिच्यातून मुलींना द्यायची ताकीद निघत असेल तर त्याआधी पालकांना आणि पाहुण्यांना द्यायची निघते.

आमच्या घरातला वाद मात्र इतक्या खोलात गेला नाही. मुलीने आजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारले, “येशू काना गावच्या लग्नाला गेला होता ना आजी, मग तिथे कोणी नाचलं नसेल का?” सासूबाई भाजी निवडत होत्या. मेथीची जुडी खाली न ठेवता त्या म्हणाल्या, “गेला होता ना. पण तो वाढप्यांशी बोलत होता, नाचणाऱ्यांशी नाही.” योहानाच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग काढून पाहिला, तर त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर आहे. नाचाचा तिथे उल्लेखच नाही, आणि येशूचे बोलणे आईशी व चाकरांशीच झालेले आहे. नातीला उत्तर सुचले नाही. मलाही सुचले नाही, आणि मला सासूबाईंचे कौतुकच वाटले.

मोठ्या चर्चनेही या बाबतीत एक भूमिका कायम ठेवलेली नाही. चौथ्या शतकात लावदिकीया शहरात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती माणसांनी लग्नाला गेल्यावर उच्छृंखल नाचात न शिरता सभ्यपणे जेवून यावे असे ठरवले. त्याच शतकातल्या योहान क्रिसोस्तम या धर्मोपदेशकाने तर नाच तिथे सैतान, असा निकाल दिला. लग्नाला जाऊच नका असे मात्र परिषदेने म्हटले नाही, हे आमच्या कडव्या मंडळींच्या लक्षात आणून द्यावेसे वाटते. अमेरिकेतल्या मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चने १८७२ मध्ये नाचाचे नाव घेऊन त्यावर बंदी घातली आणि १९२४ मध्ये ती नियमावलीतून काढली. टेक्सासमधल्या बेलर या १८४५ साली स्थापन झालेल्या बॅप्टिस्ट विद्यापीठाच्या आवारात परवानगीने झालेला पहिला नाच १९९६ चा. इलिनॉयमधल्या व्हीटन कॉलेजने, जे १८६० पासून चालू आहे, विद्यार्थ्यांच्या नाचावरची बंदी २००३ मध्ये उठवली. ज्या देशातून मोळी आली त्या देशाने ती सोडून एकेक काटकी तपासली, काही ठेवल्या, काही टाकल्या. तिथे अजूनही काही ख्रिस्ती कुटुंबे शाळेच्या प्रॉमला मुलांना न पाठवता त्यांच्यासाठी वेगळ्या मेजवान्या ठेवतात, आणि तोही त्यांनी विचार करून घेतलेला निर्णय असतो. आमच्याकडे मोळी न सोडताच कोपऱ्यात उभी आहे. इतर बाबतीत मात्र आमच्या मंडळीने फेरविचार केलेला आहे. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी अभंग, भजन, कीर्तन यांना उपासनेत आणून बसवले, तेव्हा टाळ-मृदंगाला नाके मुरडणारे कमी नसतील. आज तीच भजने आमची सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी परंपरा म्हणून आम्ही मिरवतो.

इथल्या मुलांपुढचा कठीण नाच खरे तर फेअरवेलचा नसतोच. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. नवरात्रात टेंभीनाक्यापासून घोडबंदरच्या सोसायट्यांपर्यंत सगळे ठाणे गरब्याच्या तालावर असते, आणि शाळेतही एक दिवस दांडियाचा असतो. ठाण्यात वाढणाऱ्या मुलाला त्यापासून अलग ठेवणे म्हणजे त्याला दरवर्षी नऊ रात्री खिडकीत बसवणे आहे. इथे मला पौलाचा आधार वाटतो. ग्रीसमधल्या करिंथच्या बाजारात विकले जाणारे मांस बरेचदा मूर्तीला वाहिलेले असे, आणि ते खावे की नाही यावरून तिथल्या मंडळीत फूट पडली होती. पौलाने सांगितले की बाजारात जे विकते ते शंका न काढता खा. पण हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. हा सल्ला इतका बारीक आहे की त्याला नियम म्हणणे अवघड जाते. माझी मुलगी शाळेच्या मैदानातला दांडिया खेळते. सोसायटीत देवीच्या घटाभोवती गरबा सुरू होण्याआधी आरती असते, तेव्हा ती चप्पल काढून, हात मागे बांधून कडेला उभी राहते, आणि आरतीनंतर मैत्रिणींत मिसळते. त्या मैत्रिणींची श्रद्धा खरी आहे म्हणूनच तिने ती खोटी वठवू नये, असे मी तिला सांगितले. आमच्या आत्याबाईंना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते कडेला उभे राहणे हीच पहिली पायरी आहे. त्यांच्या घरातली मुले नवरात्रात खाली उतरत नाहीत, आणि पौलाच्याच रोमकरांस लिहिलेल्या पत्राप्रमाणे, जो खातो त्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये असे असल्याने, मी त्यांच्याशी भांडत नाही.

फेअरवेलबद्दल मला खरी काळजी वाटली ती परिपत्रकातल्या एका ओळीमुळे. ‘कपल एन्ट्री’साठी वेगळी कमान आणि सर्वोत्तम जोडीला बक्षीस, असे त्यात लिहिले होते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांनी दारातून आत यायचे तेच जोडीने, आणि ज्याला जोडी मिळाली नाही त्याने बाजूच्या दाराने! हा प्रकार आपल्याकडच्या कुठल्याच नाचात नाही. कोलशेत, बाळकुम किंवा घणसोलीच्या गावठाणात आगरी-कोळी घरातली हळद ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाऊक आहे की तिथे रात्री दहाला आवाज बंद करायला पोलीस येईपर्यंत आजी, जावई, शाळकरी पोरे आणि नवऱ्या मुलाची मामी एकाच घोळक्यात नाचत असतात, आणि कोण कोणाबरोबर आले हे कोणी विचारत नाही. गरब्याचे वर्तुळ तर कोणालाही कुठूनही आत घेते. जोडीचा नाच मुलाला आत येण्याआधीच तोलतो. वर्गातली जी मुलगी जाड आहे, ज्या मुलाच्या बोलण्यात अडखळ आहे, ज्याच्या घरी ब्लेझर घेण्याची ऐपत नाही, त्यांचा त्या कमानीखाली जो काही हिशेब होतो तो नाचापेक्षा कितीतरी वाईट आहे. पाळकसाहेबांना मी हे सांगितले, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले की नाचाविरुद्ध त्यांच्याकडे चार प्रवचने तयार आहेत, पण या कमानीविरुद्ध एकही नाही.

त्याखालोखाल फोनची बाब येते. आमच्या तरुणपणी कोणी वेडावाकडा नाचला तर दुसऱ्या दिवशी वर्गात हसू व्हायचे आणि आठवड्यात विसरले जायचे. आता हॉलमध्ये जितकी मुले तितके कॅमेरे असतात, आणि रील तयार होऊन बाहेर जाईपर्यंत नाचणाऱ्याला पत्ताही नसतो. जिथे आपण नाचतो आहोत की आपल्याला नाचवून दाखवले जाते आहे हेच कळेनासे होते, तिथे मला पणजोबांचा मांडव आठवतो. गाण्यांचेही तेच. शाळेने गाण्यांची यादी शिक्षकांकडून तपासून घेतली होती, तरी काही गाण्यांचे शब्द असे की ते मोठ्याने वाचून दाखवा म्हटले तर तपासणाऱ्या शिक्षकांनाच घाम फुटावा. समारंभानंतर कोणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटवर जी आफ्टर-पार्टी होते तिच्याबद्दल मी फार लिहीत नाही. तिला नाही म्हणायला ख्रिस्ती असण्याची गरज नाही.

चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका काकांनी येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राचा दाखला दिला: घर सोडून दूरदेशी नाच-रंगात वाहवत गेलेला धाकटा मुलगा डुकरांच्या शेंगांवर येतो, तेव्हा सावध राहा. मला तो दाखला नेहमी उलट्या टोकाने महत्त्वाचा वाटतो. लूकाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात वाद्ये आणि नाच ऐकू येतात ते दूरदेशात नव्हे, बापाच्या घरात, मुलगा परत आल्यावर. ते ऐकून शेतावरून आलेला थोरला भाऊ दाराशी थबकतो, नोकराला विचारतो, आणि रागावून आत जात नाही. तो चांगला मुलगा आहे, त्याने कधी आज्ञा मोडलेली नाही, आणि तरी त्या रात्री घराबाहेर अंधारात उभा असलेला तोच आहे. आमच्या मंडळीने आपल्या मुलांना पिढ्यान् पिढ्या धाकट्यासारखे होऊ नका असे शिकवले, आणि त्यात आम्ही थोरल्यांची एक मोठी फौज तयार केली. त्या बैठकीतल्या मुलांपैकी निम्मी घरी न सांगता कुठे ना कुठे नाचतातच, हे काकांना सोडून सगळ्यांना माहीत होते. चोरून नाचणारे मूल पुढे इतर गोष्टीही चोरून करायला शिकते, आणि मग काही बिघडले तर ज्यांना फोन करायचा त्या यादीत आईवडिलांचे नाव नसते. मी सही केली त्याचे सर्वांत व्यवहारी कारण हेच आहे.

सही करण्यापूर्वी आम्ही काही पालकांनी शाळेला पत्र लिहिले. त्यात ख्रिस्ती फक्त दोन घरांतले होते. बाकीच्यांत एक जैन, एक मुस्लिम आणि बरेचसे साधे मध्यमवर्गीय मराठी पालक होते, ज्यांना गाऊन आणि ब्लेझरचा खर्च डोईजड होत होता. आम्ही एवढेच मागितले की कमान सगळ्या वर्गाला एक असावी, जोडीचे बक्षीस नसावे, शाळेच्या गणवेशात येणाऱ्यालाही मज्जाव नसावा आणि फोन दारात जमा व्हावेत. पहिल्या दोन गोष्टी शाळेने लगेच मान्य केल्या. गणवेशाला हसून होकार दिला. फोनबद्दल, मुलांना फोटो हवे असतात, असे उत्तर आले, आणि तिथे आम्ही हरलो. मुलीला मी माझी एक साधी काठापदराची साडी दिली. तिने त्यावर तिच्या आजीची चांदीची साखळी घातली, जी सासूबाईंनी कपाटातून आपणहून काढून दिली होती, आपले मत तसूभरही न बदलता.

चर्चच्या हातात जे आहे ते यापेक्षा थोडे जास्त आहे. नाताळच्या आठवड्यात तरुण संघाचा कार्यक्रम असतो, त्यात एकांकिका, गाणी आणि मग केक असतो. यंदा मुलांनी विचारले की शेवटचा अर्धा तास खुर्च्या बाजूला करून नाचलो तर चालेल का. कार्यकारिणीत बरीच खडाजंगी झाली. अखेर ठरले ते असे: उपासनेच्या सभागृहात नाही, मागच्या हॉलमध्ये, जोड्या नाहीत, आणि मोठ्यांपैकी निदान चौघांनी मुलांबरोबर उतरायचे, भिंतीला टेकून पहारा करायचा नाही. या शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण चौघे मिळेनात. हलगीही आणावी, असे एका मुलाने सुचवले. त्याचे आजोबा बैठकीत होते. ते काही बोलले नाहीत, आणि सूचना तेवढ्यावरच राहिली. ती पुन्हा मांडली जावी आणि त्या आजोबांनीच हो म्हणावे, असे मला वाटते. पण ते त्यांनी ठरवायचे आहे.

एका बाबतीत मात्र मी आत्याबाईंच्या बाजूला आहे. बोर्डाच्या परीक्षेआधी म्हणून हे समारंभ जानेवारी-फेब्रुवारीत धरतात, आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ कधी कधी फेब्रुवारीतच सुरू होतो. २०२४ मध्ये तर राखेचा बुधवार, म्हणजे त्या काळाचा पहिला दिवस, नेमका १४ फेब्रुवारीला, व्हॅलेंटाइन डेच्या दिवशी आला होता. आमच्या मुलीचे फेअरवेल त्याच्या बरेच आधी असल्याने प्रश्न आला नाही. धाकट्याच्या वेळी तो येऊ शकतो. त्या चाळीस दिवसांत आपण काही गोष्टी वाईट म्हणून नव्हे, तर चांगल्या असूनही बाजूला ठेवतो, आणि नाच चांगला आहे असे एकदा मान्य केले की तो बाजूला ठेवण्यालाही अर्थ येतो. मी त्याला जाऊ नको असे सुचवीन. तारीख आधीची घ्या असे शाळेला कळवून पाहीन. आणि तरीही तो जायचे म्हणाला, तर फॉर्मवर सही करीन, पण साडेसातला हॉलच्या दारात रिक्षा घेऊन उभी असेन, हे त्याला आताच सांगून ठेवले आहे.